वाड्याच्या पोटातलं

अंबडमधल्या कुठल्याही जुन्या वाड्यात पाहुणा म्हणून जा, चहाचा कप रिकामा व्हायच्या आत भुयार निघतं. म्हणजे भुयाराचा विषय निघतो. प्रत्यक्ष भुयार अजून कुणी काढून दाखवलेलं नाही. देशमुखी वाड्यात ते आहे, सावकारी वाड्यात आहे, आणि आमच्या वाड्यात तर आहेच आहे. सगळीकडून ते थेट मत्स्योदरी देवीच्या डोंगराकडे जातं. त्याचं तोंड कोठीच्या खोलीत असतं, ते कुणाच्या तरी पणजोबांनी बुजवलेलं असतं, आणि बुजवण्याआधी आत एक बकरी सोडलेली असते, ती परत आलेली नसते. बकरी मात्र प्रत्येक वाड्याची वेगळी. डोंगर माशाच्या आकाराचा आहे, तेव्हा गिळायचं काम त्याला जमत असावं.

मला या भुयाराची एकच अडचण वाटते. ते जिथं जातं तिथं रस्त्यानंही जाता येतं. नवरात्रात सगळं गाव चालत जातं, म्हाताऱ्या बाया अनवाणी जातात. शत्रूनं वेढा घातल्यावर आमचे पूर्वज अंधारातून खुरडत खुरडत निघणार कुठं, तर पंचक्रोशीतून दिसणाऱ्या टेकडीवर! पळून जाण्यासाठी याहून वाईट जागा अख्ख्या परगण्यात सापडली नसती. शिवाय खणलेला मुरूम टाकला कुठं? आमच्या गल्लीत साधं बोअर घेतलं तर आठ दिवस सगळे पांढऱ्या चिखलातून चालतात. एवढं भुयार खणलं असतं तर अंबडला मत्स्योदरीच्या शेजारी दुसरा डोंगर उभा राहिला असता.

खरं भुयार पाहायचं असेल तर देवगिरीवर जावं. तिथली अंधारी कातळ फोडून केलेली आहे आणि ती करायला राज्याचा खजिना लागला. नाहीतर संभाजीनगरात मलिक अंबरची नहर पाहावी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं जमिनीखालून खापरी नळांनी आणि दगडी पाटांनी शहरात पाणी आणलं. मराठवाड्यात जमिनीखालून जाण्याचा मान मिळाला तो पाण्याला. राजेरजवाड्यांनासुद्धा तो क्वचितच मिळाला, मग आमच्या पणजोबांना कुठला मिळायला!

तरीही बकरीची गोष्ट मी खोटी म्हणणार नाही. कोठीच्या खोलीत जमिनीखाली पोकळी आहे. मुसळ आपटलं तर आवाज वेगळा येतो. ती पोकळी भुयाराची नसावी, पेवाची असावी असा माझा अंदाज आहे. पेवाचं तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढंच, आणि खाली पोट मात्र खोलीएवढं. आत चहूबाजूंनी कडबा लावून ज्वारी भरायची, तोंडावर फरशी टाकायची, फरशीवर माती, मातीवर शेणाचं सारवण, आणि वर खुशाल घोंगडी टाकून पाहुण्याला बसवायचं. ज्या ज्वारीसाठी पाहुणा आला ती त्याच्याच बुडाखाली असायची. पेव उघडल्यावर लगेच उतरायचं नसतं. कोंडलेल्या दाण्यानं आतली हवा विषारी होते. आधी कंदील दोरीला बांधून सोडायचा. तो विझला की समजायचं, आज नाही. कंदिलाचं तेल वाचवायला कुणी बकरी सोडली असेल तर ती परत कशी येणार? पुढच्या पिढीला पेव ठाऊक राहिलं नाही आणि बकरी तेवढी लक्षात राहिली. मग तिला जायला वाट हवी, म्हणून घरच्यांनी डोंगरापर्यंत भुयार खणून दिलं.

हा तर्क मी काकांना सांगितला तेव्हा त्यांनी मला असं पाहिलं, जणू मी घराण्याची जहागीर दुसऱ्यांदा खालसा केली.

जहागीर आम्हाला कधीच नव्हती, हे जाता जाता सांगून ठेवतो. अंबड होळकरांचं. गावातलं खंडोबाचं देऊळ अहिल्याबाईंनी बांधलेलं आणि पायऱ्यापायऱ्यांची पुष्करणी बारवही त्यांचीच. त्यामुळं गावातल्या प्रत्येक जुन्या घराचा दावा असा की, बाई येता-जाता आमच्याच वाड्यात उतरत. आमच्याकडे तर त्या टेकून बसल्या तो खांबही दाखवतात. आता बाईंनी 1767 पासून 1795 पर्यंत कारभार पाहिला तो महेश्वरी बसून. अंबडच्या वाड्यांनी सांगितलेल्या मुक्कामांची बेरीज केली, तर त्यांना नर्मदेकडे परत जायला सवडच मिळाली नसती. आमचा मूळ पुरुष होळकरांच्या कचेरीत लिहिणारा होता, एवढंच खात्रीनं म्हणता येतं. त्यानं दगडी जोतं आणि खालचा चौक बांधला. वरची माडी होती ती निजामी अमलातली. तिथल्या कमानींवरूनच ते कळायचं. 1818 साली मंदसोरच्या तहानं होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचा मुलूख सोडला, पुढं अंबड निजामाकडं गेलं, आणि आमच्या लिहिणाऱ्यांनी टाक तोच ठेवून धनी बदलला.

हा वाडा मी लहानपणापासून चाचपत आलो आहे. माझं मत असं झालंय की, त्यातली एकही गुप्त जागा धनासाठी केलेली नाही. सगळ्या धास्तीपोटी केलेल्या आहेत. ज्या पिढीला जी भीती वाटली, ती तिनं दगडामातीत बांधून ठेवली.

पहिली भीती दारातच भेटते. मोठा दरवाजा सागवानी, तो लग्नाला आणि मयतीला उघडायचा. एरवी त्याच्यातल्या दिंडीतून जायचं. दिंडी एवढी ठेंगणी की येणारा आधी डोकं आत घालतो. ही नम्रता शिकवण्याची सोय आहे असं पाहुण्यांना सांगतात. आतला माणूस काठी घेऊन उभा असेल तर सोय कुणाची, हे त्यांनीच ओळखावं. दरवाजामागं अडसर आहे. मांडीएवढ्या जाडीचा तो वासा दिवसभर भिंतीच्या पोटात सरकवून ठेवलेला असतो. रात्री ओढायचा तो समोरच्या भिंतीतल्या खोबणीत जाऊन बसतो. मग बाहेरून हत्ती आला तरी बेहत्तर. हत्ती काही आला नाही. पण पेंढारी येत, आणि फौजा येत. 1803च्या सप्टेंबरात दोन तारखेला इंग्रजांच्या स्टीव्हन्सननं जालन्याचा किल्ला घेतला आणि तेवीसला भोकरदनकडं असईला वेलस्ली आणि शिंदे-भोसल्यांची लढाई झाली. त्या लढाईत होळकर नव्हते, पण भुकेल्या फौजेला ते कोण समजावणार? फौज कुणाचीही असो, तिच्या बैलांना कडबा आणि शिपायांना भाकरी लागते, आणि ती गावातूनच उचलली जाते. त्यापाठोपाठ दख्खनेत दुष्काळ पडला. अशा वर्षी घरात सोनं असलं काय आणि नसलं काय. लपवायची ती ज्वारी.

म्हणून पेवाच्या जोडीला बळद. माजघराची मागची भिंत बाहेरून मोजली तर सहा हात जाड आहे आणि आतून तेवढी कुठं दिसत नाही. ती एक भिंत नाहीच, दोन आहेत. मधल्या पोकळीत धान्य. माळवदावरच्या भोकातून ज्वारी ओतायची आणि खाली टीचभर मुसक्यातून सुपात घ्यायची. वर्षअखेरीला बळद झाडायला घरातलं सगळ्यात बारकं पोर आत सोडत. मी बरीच वर्षं ते पोर होतो. आत उभं राहिलं की दोन्ही खांदे भिंतीला लागत, नाकातोंडात भुसा जाई, आणि बाहेरून आजीचा आवाज येई, ‘कोपऱ्यात हात घाल रे, कोपऱ्यात!’ मला वाटायचं तिचा जीव शेवटच्या मूठभर ज्वारीत अडकला आहे. ती कशासाठी कोपरे चाचपायला लावत होती, ते पुढं येईलच.

दुसरी एक जागा आहे, तिचा इतिहासात कुठं उल्लेख सापडणार नाही. माजघर आणि ओसरीच्या मधल्या भिंतीत खुंटीच्या मागं एक तिरकं भोक आहे. ओसरीवरून पाहिलं तर खुंटीची सावली दिसते. माजघरातून डोळा लावला तर अख्खी बैठक दिसते, कोण आलंय, कोण मांडी घालून बसलंय आणि कोण उठायच्या बेतात आहे, सगळं. काकांच्या मते हे शत्रूवर नजर ठेवण्यासाठी. मी जेव्हा जेव्हा पाहिलं तेव्हा काकूच डोळा लावून उभी असे आणि चहा किती टाकायचा ते बोटं मोजून ठरवत असे. अनोळखी माणूस असला तर अर्धा, देणेकरी असला तर पूर्ण, घेणेकरी असला तर दूध संपलेलं. वाड्याचा खरा बंदोबस्त या भोकावर चालला, असं मी प्रतिज्ञेवर सांगायला तयार आहे.

भिंतीच्या जाडीतला चोरजिनाही याच जातीचा. दोन हात रुंद, ठार काळोख, आणि एकही पायरी दुसरीच्या उंचीची नाही. घरच्यांच्या पायांना सवय, परका मात्र तिसऱ्या पायरीला कपाळमोक्ष करून घेणार, अशी त्यात योजना आहे म्हणे. योजना उत्तम आहे. फक्त आजवर त्या जिन्यावरून पडलेले सगळे घरचेच आहेत, त्यात दोन जावई.

आणि साणं. ज्यांचं बालपण स्लॅबखाली गेलं त्यांना हे सांगावं लागेल. आमच्याकडं माळवद असायचं. तुळया, त्यांवर किलचानाच्या पट्ट्या, त्यांवर कडुनिंबाचा पाला आणि वर हातभर पांढरी माती. भिंतींना खिडक्या जवळजवळ नाहीतच, कारण पुन्हा तीच भीती; म्हणून उजेडासाठी माळवदाला भोक, ते साणं. उन्हाळ्यात त्यातून स्वयंपाकघरात उन्हाचा एक गोल पडे आणि आजी तो कुठं आला ते पाहून भाकरीला बसे. पावसाचे चार थेंब पडले की पोरांनी वर पळत जाऊन त्यावर दगडी झाकण ओढायचं. ते काम आम्ही आनंदानं करायचो, कारण झाकणाशी पालथं पडलं की खालचं सगळं बोलणं स्वच्छ ऐकू येई. गल्लीतली माळवदं एकमेकांना लागून. त्यामुळं कुणाच्या घरी कोणती सोयरीक फिसकटली, कुणी कुणाकडून उसनं आणलं, हे गावाला वर्तमानपत्रापेक्षा आधी कळायचं. जिथं चोराला शिरता येऊ नये म्हणून खिडकी ठेवली नाही, तिथून घरातलं सगळं गुपित छतातून बाहेर जात होतं.

आता पाटल्या, ज्यांच्यासाठी आजी मला बळदाचे कोपरे चाचपायला लावायची.

1947-48 मध्ये रझाकारांच्या धामधुमीत मराठवाड्यातली पुष्कळ घरं निजामाच्या सरहद्दीपलीकडं गेली. जी राहिली त्यांनी बायकामुलं तरी पाठवली. आमची पणजी निघण्याच्या आदल्या रात्री वाड्यात कंदील घेऊन एकटीच फिरत होती म्हणतात. चांदीची भांडी बळदात ज्वारीखाली गेली. सोन्याच्या पाटल्या तिनं कुठं ठेवल्या ते कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर धाकानं कुणीही बोललं असतं. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली, सतरा तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवली, आणि मंडळी घरी परतली. पणजी परतली नाही. वाटेतच तापानं गेली. चांदी मिळाली. पाटल्या अजून वाड्यात आहेत.

या पाटल्यांनी वाडा जगवला, हे माझं ठाम मत आहे. एरवी आमच्या घरात कुणी पै खर्च करणार नाही. पण ‘मागची भिंत फुगली आहे, उतरवून बांधावी’ असं म्हणताच सगळे वर्गणी काढतात. गवंडी पहिला दगड उपटतो तेव्हा पुण्याचा चुलतभाऊ रजा काढून हजर असतो. आजवर न्हाणी, परसदार, देवघराचा पाया आणि आडाचा कठडा नव्यानं बांधून झाला. पाटल्यांचं वजन दर पिढीला वाढत जातं. आजोबांच्या तोंडी त्या चार तोळ्यांच्या होत्या, काकांच्या तोंडी अकरा तोळ्यांच्या आहेत. जमिनीत ठेवलेलं सोनं व्याजानं वाढतं, हे मी वाड्यात शिकलो.

मधे कुणीतरी एक पायाळू माणूस आणला होता. पायाकडून जन्मलेल्याला डोळ्यांत काजळ घातलं की जमिनीतलं धन दिसतं, ही जुनी समजूत. त्यानं काजळ घातलं, वाडाभर फिरला, कोठीच्या खोलीत थांबला आणि म्हणाला, ‘इथं राखण आहे.’ नाग कसा आहे असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘मिशांचा.’ मिशा असलेला जुना नाग आमच्याकडं सर्वमान्य आहे. पण आत्यानं स्पष्ट सांगितलं की तो पणजोबांचा फोटो आहे, तिथं खुंटीला टांगलेला. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याचं कलम गुप्तधनाच्या नावानं चालणाऱ्या अघोरी प्रकारांना आहे. आमच्याकडचा प्रकार अघोरी नव्हता, त्यात फक्त दक्षिणा गेली.

तळघरातनं मात्र खरंच काहीतरी निघालं. लाल रुमालांत बांधलेली दप्तरं, वाळवीनं कडा खाल्लेली. काही मोडीत, काही उर्दूत, कारण निजामाचा कारभार उर्दूतून चाले. घरात कुणालाही दोन्ही वाचता येत नव्हतं, त्यामुळं आशा पराकोटीला पोचली. एका कागदावर चौकोन, रेघा आणि फुल्या होत्या. तो नकाशाच ठरला. नाना फडणविसांच्या मेणवलीच्या वाड्यातून शेवटी दप्तरच निघालं होतं आणि द. ब. पारसनीसांसारख्या इतिहाससंशोधकाला ते सोन्याहून मोलाचं वाटलं, हे मी घरी सांगून पाहिलं. काकांनी विचारलं, ‘त्यांच्या पाटल्या हरवल्या होत्या का?’ जाणकाराकडून मोडी वाचून आणल्यावर कळलं, फुल्यांचा कागद हा शेजारच्या भाऊबंदांशी झालेल्या भांडणातला. सामाईक भिंतीत त्यांनी खुंट्या कुठं कुठं ठोकल्या त्या जागी आमच्या पूर्वजानं फुल्या मारल्या होत्या. बाकी सगळे हिशेब. अमक्याला दोन मण ज्वारी दिली, तमक्याकडून परत आली, एकाकडून आली नाही. न आलेल्या ज्वारीच्या नोंदी अक्षर न बदलता वर्षानुवर्षं पुढं ओढलेल्या. माणूस भित्रा होता, पण टापटिपीचा होता.

शेवटची भीती आमच्याच हयातीतली. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती बुडवून लोक निजलेले असताना किल्लारीला भूकंप झाला. तिथं माणसं मेली ती बरीचशी अशाच घरांत: जाड दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर हातहातभर मातीचं माळवद. लातूर अंबडपासून काही शेजारी नाही. पण त्या वर्षी मराठवाड्यात कुणाला घरात झोप येईना. ज्या जाडीनं पेंढारी, फौजा, रझाकार बाहेर ठेवले, तीच जाडी छातीवर येते की काय असं वाटू लागलं. काकांनी माडी उतरवली, माळवदाची माती काढली आणि वर पत्रे टाकले. साणं गेलं. स्वयंपाकघरात ट्यूबलाइट आली. पावसाळ्यात पत्र्याचा असा ताशा वाजतो की, खालचं बोलणं शेजाऱ्याला सोडा, समोरच्यालाही ऐकू येत नाही.

आता वाड्यात काका-काकू दोघंच. मालमत्ता पत्रकावर मात्र नावं मावत नाहीत. संभाजीनगर, पुणे, बंगळुरू, एक न्यू जर्सी. सगळ्यांचा मिळून व्हॉट्सॲपवर ‘आपला वाडा’ नावाचा गट आहे. त्यावर दसऱ्याला आपट्याची पानं आणि एरवी वकिलाच्या नोटिशीचे फोटो येतात. मध्यंतरी जुन्या लाकडाचा व्यापारी आला, मोठ्या दरवाजावर हात फिरवून म्हणाला, अडसरासकट घेतो, फार्महाऊसला लावायचाय. काकूनं खुंटीमागच्या भोकातून त्याला पाहून घेतलं आणि दूध संपलं.

परवाच्या उन्हाळ्यात चुलीमागची भिंत ढासळली. गवंडी पोपडे काढत होता, एका जागी थापी आत गेली. मागं वीतभर दिवळी, चुन्यानं लिंपलेली. काकांनी गवंड्याला चहाला पाठवलं, दार लावलं आणि अडसरसुद्धा ओढला, भरदुपारी. आत जुन्या लुगड्याच्या चिंधीत एक पितळी डबी होती. पाटल्या मावाव्यात एवढी ती नव्हतीच. उघडली तेव्हा तपकिरीचा वास आला, इतक्या वर्षांनीही नाकाला झोंबणारा. तळाशी चारमिनारचा छाप असलेली निजामाची हाली नाणी, चवल्या-पावल्या. पणजीची डबी नव्हती ही. काकूनं डबी ओळखली, आजीची. आजोबांना तपकीर आवडत नसे आणि आजीच्या हातात पैसा राहू नये यावर त्यांचा कटाक्ष असे. आजीनं हालीच्या काळात लोण्यातुपातून वाचवलेले पैसे भिंतीत ठेवले, आणि हाली चलनातून गेलं तरी आजोबा घरात असल्यामुळं तिला ते बाहेर काढता आले नाहीत.

मी म्हणालो, ‘काका, 1878चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत किंवा भिंतीत पुरलेला दहा रुपयांच्या वरचा ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवावं लागतं.’

काकांनी नाणी रांगेत मांडली, सात हालीला सहा कलदार या हिशेबानं बोटांवर मोजली आणि दहा रुपये काही भरेनात. मग मी फोनवर जुन्या नाण्यांचे भाव दाखवले. दहाच्या बऱ्याच वर जात होते.

‘म्हणजे कलेक्टरला कळवायचं,’ काका म्हणाले. ‘कलेक्टरला कळवलं की हिस्सेदारांना कळणार. हिस्सेदारांना कळलं की प्रत्येकाची एकेक चवली वेगळी काढा, तीही सह्या घेऊन. न्यू जर्सीवाल्याची पोस्टानं पाठवा.’

काकूनं डबी पदरानं पुसली, वास घेतला आणि मनसोक्त शिंकली. मग गवंड्याचा चहा संपायच्या आत दोघांनी मिळून ती पुन्हा चिंधीत बांधली. ‘काय पाहू राहिला?’ काका मला म्हणाले. ‘तो चुना कालव लवकर.’